पोलंड, १९८१ ते १९८९ : बाहेरच्यांनी काय केले?

१३ डिसेंबर १९८१च्या पहाटे पोलंडमधले टेलिफोन बंद पडले, रस्त्यांवर रणगाडे आले आणि कम्युनिस्ट सरकारचे प्रमुख जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला. ग्दान्स्कच्या गोदीतल्या संपातून जन्मलेली ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती, पण तिचे सभासद एक कोटीच्या घरात होते. पाहता पाहता हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. तीन दिवसांनी वूयेक कोळसा खाणीत संपकऱ्यांवर गोळीबार होऊन नऊ कामगार मारले गेले. एवढी चिरडलेली संघटना आठ वर्षांच्या आत निवडणुकीला उभी राहिली आणि जून १९८९मध्ये तिने सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या. हुकूमशाहीखालच्या देशाला बाहेरचे लोक मोकळे व्हायला मदत करू शकतात का, हे तपासायला पोलंडची ही आठ वर्षे फार उपयोगी आहेत. माझे उत्तर ‘हो’ आहे, पण एका कडक अटीवर : लढा आधी तिथल्या माणसांनी उभा केलेला हवा, आणि त्याची सूत्रे शेवटपर्यंत त्यांच्याच हातात हवीत.

पोलंडमध्ये ही अट आधीच पुरी झाली होती. १९७६मध्ये रादोम आणि उर्सुसच्या कामगारांवर दडपशाही झाली, तेव्हा वॉर्सातल्या बुद्धिजीवींनी त्यांच्यासाठी संरक्षण समिती काढली. वकील दिले, कुटुंबांना पैसे पोचवले. पुढच्याच वर्षी सेन्सॉरला न जुमानणारी भूमिगत प्रकाशने सुरू झाली. लष्करी कायद्यानंतर सगळा भार याच छपाईवर आला. चौकटीवर ताणलेले कापड, त्यावर टाइप केलेले स्टेन्सिल, कपडे धुण्याच्या पेस्टमध्ये रंग कालवून घरीच केलेली शाई, आणि एकेक कागद हाताने दाबून काढायचा. आपल्याकडे गल्लीतला छापखाना लग्नपत्रिका काढतो, तीच ही स्क्रीन प्रिंटिंगची रीत. फक्त इथे पकडले गेले तर तुरुंग होता. ‘तिगोद्निक माझोव्शे’ हे भूमिगत साप्ताहिक अशा साधनांवर १९८२पासून सात वर्षे निघाले. ते चालवणाऱ्या मंडळात हेलेना वुचिव्हो यांच्यासह प्रामुख्याने स्त्रिया होत्या. पोलिस पुरुष पुढाऱ्यांच्या मागावर असताना त्यांनी हे काम रेटले.

बाहेरची मदत आली ती या यंत्रणेला. ब्रुसेल्समध्ये येर्झी मिलेव्स्की यांनी सॉलिडॅरिटीचे परदेशी कार्यालय थाटले. काय हवे ते पोलंडमधून कळायचे : छपाईयंत्रे, शाई, सुटे भाग, रोख रक्कम. अमेरिकी कामगार महासंघ आणि पश्चिम युरोपातल्या संघटनांनी पैसे दिले, आणि स्वीडनहून येणाऱ्या मालात दडवून यंत्रे पोचू लागली. पॅरिसजवळून निघणारे ‘कुल्तुरा’ हे पोलिश नियतकालिक लेखकांना देशाबाहेरचे व्यासपीठ देत होते. म्युनिकहून रेडिओ फ्री युरोप याच भूमिगत पत्रकांतल्या बातम्या पोलिश भाषेत वाचून दाखवी, म्हणजे काही हजार प्रतींचा मजकूर लाखो घरांत ऐकू जाई. सीआयएनेही पैसा पुरवला, हे नंतर उघड झाले. ती सारी रक्कम दोन कोटी डॉलरच्या आतली मानली जाते. त्याच दशकाच्या अखेरीस पोलिश सरकारचे परदेशी कर्ज सुमारे चार हजार कोटी डॉलर होते. हे आकडे शेजारी ठेवले की ‘बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये’ हा युक्तिवाद लंगडा वाटू लागतो. बाहेरचे आधीपासून आतच होते; पाश्चात्त्य बँकांनी सत्तरच्या दशकात कम्युनिस्ट नेते गिएरेक यांच्या राजवटीला मनमुराद कर्जे देऊन तिला तगवले होते.

परकीय पैशाने चळवळ बदनाम होते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. यारुझेल्स्कींचे सरकार रात्रंदिवस तेच सांगत होते. तो डाग चिकटला नाही, कारण प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक गल्लीत संघटनेचा माणूस ओळखीचा होता. जिथे अशी ओळख नसते तिथे हाच पैसा चळवळीला बुडवतो. त्याहून वाईट म्हणजे खोटी आशा. १९५६मध्ये हंगेरीत याच रेडिओ फ्री युरोपच्या काही प्रसारणांतून श्रोत्यांचा असा समज झाला की पश्चिमेची मदत येणार. ती आली नाही. सोव्हिएत रणगाड्यांखाली सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले. जे करणार नाही ते सुचवणे, हा बाहेरच्यांचा सर्वांत मोठा अपराध आहे.

आर्थिक निर्बंधांबद्दल मला इतके खात्रीने बोलवत नाही. अमेरिकी अध्यक्ष रेगन यांनी ते १९८१मध्ये लादले, आणि झळ सामान्य माणसालाच बसली. खुद्द सॉलिडॅरिटीचे नेते लेक वालेसा यांनी पुढे ते उठवण्याची मागणी केली. तरी एक गोष्ट निर्बंधांच्या बाजूने सांगता येते : मागण्या ठरलेल्या होत्या. लष्करी कायदा उठवा, कैदी सोडा, चर्चा सुरू करा. सप्टेंबर १९८६मध्ये राजकीय कैदी सुटले आणि फेब्रुवारी १९८७मध्ये उरलेले निर्बंध उठले. राजवट उलथेपर्यंत कधीच न संपणारे निर्बंध राज्यकर्त्यांना बदलायचे काही कारणच देत नाहीत.

‘हे सगळे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यामुळे झाले’ असे म्हणणारेही आहेत, आणि त्यात बरेच तथ्य आहे. मॉस्कोने हात आखडला नसता तर सरकार आणि सॉलिडॅरिटी यांची १९८९ची गोलमेज परिषद झाली नसती. पण मॉस्कोचा हात आखडला तेव्हा वाटाघाटीला बसायला कोणीतरी शिल्लक असावे लागते. १९८८च्या संपांनंतर सरकारला बोलायला वालेसा आणि त्यांचे सहकारी सापडले, ते सात वर्षांच्या भूमिगत कामामुळे. बाहेरच्या मदतीचे श्रेय एवढेच, आणि ते थोडे नाही. त्याच अमेरिकेने चिलीत हुकूमशहा पिनोशेला हात दिला होता, हेही खरे. पण मदत करणाऱ्याचा हेतू शुद्ध नव्हता म्हणून ग्दान्स्कमध्ये पोचलेले यंत्र निरुपयोगी ठरत नाही.

आज पोलंड स्वतः बाहेरचा आहे. २००७पासून वॉर्सातून ‘बेलसाट’ ही वाहिनी शेजारच्या बेलारूससाठी तिथल्या भाषेत बातम्या देते. तिथल्या २०२०च्या सरकारविरोधी निदर्शनांनंतर परागंदा झालेल्या हजारो बेलारूसींना पोलंडने आसरा दिला. बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को १९९४पासून सत्तेवर आहेत आणि मॉस्को या वेळी त्यांच्या पाठीशी खंबीर उभा आहे, त्यामुळे निकाल लवकर दिसणार नाही. तो दिसत नाही म्हणून हा खर्च वाया गेला असे ठरवणाऱ्यांनी १९८५ सालचा पोलंड आठवावा. तेव्हाही हाती लागेल असे काहीच दिसत नव्हते.