कानाच्या मापाचा इअरफोन

आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने कल्याणला जाणारे आपले कितीतरी विद्यार्थी कानात इअरफोन घालून बसतात. गाडीचा खडखडाट कानात शिरतो म्हणून आवाज वाढविला जातो, आणि अपाय होतो तो येथेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबलचा मात्र अवघे ४ तास! आतल्या कानातील नाजूक केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत.

श्रवणतज्ज्ञाकडून कानाचा साचा घेऊन बनविलेला महागडा इअरफोन कानात घट्ट बसतो व बाहेरचा गोंगाट अडवितो. त्यामुळे मंद आवाजही स्पष्ट ऐकू येतो. त्याचे खरे मोल यातच आहे. तो परवडत नसेल, तर साध्या इअरफोनला आपल्या कानात नीट बसणारी रबरी टोपी निवडावी. रूळ ओलांडताना मात्र कान मोकळेच असावेत.