कडेच्या तबकातील रोमन नाणी

न्यूयॉर्कमध्ये दर जानेवारीत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेप्रदर्शनात किंवा लंडनच्या 'कॉइनेक्स'मध्ये, जेथे काचेखाली सोन्याचे ऑरियस आणि रुप्याचे देनारियस मांडलेले असतात, तेथे नवख्या संग्राहकाची दृष्टी खिळून राहावी हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्यास रोमन साम्राज्याशी खरा परिचय करून घ्यावयाचा आहे, त्याने आधी मेजाच्या कडेला ठेवलेल्या, अल्प किमतीत मिळणाऱ्या काळपट ताम्रनाण्यांच्या तबकाकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकांत अशी नाणी अगणित पाडली गेली आणि भयापोटी वा देवतेस अर्पण म्हणून जमिनीत पुरलीही गेली. इंग्लंडमधील फ्रोमजवळ २०१० साली एकाच रांजणात ५२,५०३ नाणी निघाली, यावरून त्यांच्या स्वस्ताईचे कारण ध्यानात यावे.

उदाहरणादाखल कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीतील, सेनेच्या गौरवाचा लॅटिन लेख असलेले नाणे घेऊ. एका बाजूस सम्राटाचे मस्तक. दुसऱ्या बाजूस भाला आणि ढाल घेऊन उभे असलेले दोन सैनिक, व त्यांच्यामध्ये सैन्याचे ध्वज. ध्वज दोन असतील तर नाणे इ. स. ३३० ते ३३५ च्या दरम्यानचे, एकच असेल तर त्यानंतरचे. कारण ३३५ च्या सुमारास नाण्याचे वजन अदमासे अडीच ग्रॅमवरून पावणेदोनाच्या आसपास उतरविण्यात आले, चकती लहान झाली आणि मुद्रेत एकच ध्वज उरला. राज्याच्या खजिन्याची ओढाताण सांगणारा याहून बोलका दस्तऐवज मला तरी ठाऊक नाही. सैनिकांच्या पायांतळीच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते: 'टीआर' म्हणजे ट्रीअर, 'एसआयएस' म्हणजे सिस्किया, जे आज क्रोएशियातील सिसाक होय, आणि 'एसएमएएन' म्हणजे अंतियोक. खुणेतील आणखी एक अक्षर टांकसाळीतील विशिष्ट कारखान्याचे असते, म्हणजे वजनात अथवा धातूत खोट निघाल्यास जाब कोणास विचारावयाचा, याची तजवीज त्या इवल्याशा चकतीवरच करून ठेवलेली. हे सारे पडताळून पाहण्यासाठी मॅटिंग्ली व सिडनहॅम यांनी १९२३ मध्ये आरंभिलेली 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' ही अनेक खंडांची ग्रंथमाला आहे. नाण्यांआधी तिच्या एखाद्या खंडावर पैसे खर्चावेत.

बनावट नाण्यांची पारख हातानेच शिकावी लागते. ठशाने ठोकलेल्या नाण्याची अक्षरे धारदार असतात. साच्यात ओतलेल्याची बोथट, पृष्ठावर हवेची सूक्ष्म छिद्रे आणि कडेला जोडाची रेघ. हिरवी भुकटी झडू लागली असेल तर तो गंजाचा रोग समजावा, आणि ते नाणे इतरांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे.

परंतु धातूच्या खरेपणाइतकाच मोलाचा असतो नाण्याचा पूर्वेतिहास. सीझरच्या वधानंतर ब्रूटसने पाडलेले, दोन खंजिरांची मुद्रा असलेले एक सुवर्णनाणे २०२० साली लंडनमधील लिलावात २० लाख पौंडांहून अधिक किमतीस गेले. पुढे त्याच्या मालकीचे कागद खोटे असल्याचे उघड झाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावे लागले. नाणे अस्सल होते, पण कागद नव्हते. म्हणूनच प्रत्येक खरेदीबरोबर विक्रेत्याची पावती आणि जुन्या संग्राहकांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या मागून घ्याव्यात, व त्या नाण्यासोबतच जपाव्यात. मराठी माणसाने तर एका बाबतीत अधिकच दक्ष असावे. ऑगस्टस व तिबेरियस यांचे देनारियस आपल्याच देशात, कोइमतूरच्या परिसरात विपुल सापडले आहेत. भूमीत सापडलेले धन कलेक्टरास कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे, आणि १९७२ च्या कायद्यान्वये अशी पुरातन वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील मेजावर भारतीय संचयातील म्हणून असे नाणे दिसले, तर ते रीतसर बाहेर गेल्याचा पुरावा विचारावा, आणि तो न मिळाल्यास किंमत कितीही माफक असली तरी नाणे घेऊ नये.