केशरी दिसणारे हिरवे शेवाळ

जोयडा तालुक्यातल्या अणशीसारख्या दमट जंगलात झाडांच्या सालीवर केशरी मखमल चढलेली दिसते. ते हिरवे शेवाळच आहे: ट्रेंटेपोहलिया. पेशींतल्या कॅरोटीनमुळे त्याचे हरितद्रव्य झाकले जाते, म्हणून नुसत्या रंगावरून शेवाळाचे कूळ ठरवू नये. त्याच्याच कुळातले सेफॅल्युरोस आंब्या-पेरूच्या पानांवर तांबूस ठिपके उठवते.

हिरव्या शेवाळांच्या मुख्य शाखा दोन. ट्रेंटेपोहलिया आणि कारवारच्या खडकांवरची उल्वा क्लोरोफायटातली, तर साचलेल्या गोड्या पाण्यातली बुळबुळीत स्पायरोगायरा कॅरोफायटातली. मला विलक्षण वाटते ते पुढचे. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीवरच्या वनस्पती कॅरोफायटातूनच आल्या. त्यामुळे अणशीतल्या ऐनाला स्वतःच्या खोडावरच्या केशरी शेवाळापेक्षा डबक्यातली स्पायरोगायरा नात्याने जवळची आहे.