शब्दांची सोयरीक (लेखांक ७) : कच्चा आणि त्याचा गोतावळा

मागील लेखांकात ‘जून’ आणि ‘जुना’ या एकाच घरच्या दोन शब्दांचा विचार झाला. या लेखांकाचा विषय त्याच्या उलट टोकाचा, म्हणजे ज्याची वाढ अजून पुरी व्हायची आहे त्याला लागणारे ‘कच्चा’ हे विशेषण, असा आहे. कैरी कच्ची, भाकरी कच्ची, वीट कच्ची, रस्ता कच्चा, हिशेब कच्चा आणि विद्यार्थ्याचे गणितही कच्चे, असे मराठी माणूस सहज म्हणतो. परंतु या सर्वांमधील उणीव एक नाही. कैरीला दिवस हवे असतात, भाकरीला आणि विटेला आच हवी असते, रस्त्याला खडी आणि हिशेबाला ताळा हवा असतो. म्हणून ‘कच्चा’ या शब्दाचा अर्थ ठरवताना त्या वस्तूला कशाची प्रतीक्षा आहे, हे आधी पाहावे लागते.

दिवस आणि आच या दोन्ही गोष्टी संस्कृतातील ‘पच्’ या एकाच धातूत सामावल्या होत्या. चुलीवर अन्न शिजते तेही पचन आणि उन्हाने फळ पिकते तेही पचन, अशी ती कल्पना असून, या धातूचे भूतकाळवाचक विशेषण नेहमीच्या नियमाने ‘पक्त’ असे व्हावयाचे ते ‘पक्व’ होते, यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिले आहे. प्राकृतात त्याची ‘पक्क’ आणि ‘पिक्क’ अशी दोन रूपे झाली. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात ज्या मोजक्या शब्दांत ‘अ’चा ‘इ’ होतो त्यांत ‘पक्व’ येतो, तसाच ‘अंगार’ही येतो, आणि म्हणूनच मराठीत निखाऱ्याला ‘इंगळ’ म्हणतात. ‘पिक्क’पासून मराठीला पिकणे आणि पीक हे शब्द मिळाले, तर ‘पक्क’च्या कुळातला ‘पक्का’ शब्द घट्ट, निश्चित, न हलणारा या अर्थांकडे वळला. गंमत अशी की, वयाने व विचाराने परिपूर्ण माणसाला मराठीत ‘पोक्त’ म्हणतात तो शब्द फारसीतील ‘पुख्त’, म्हणजे शिजलेला, याच्यापासून आला आहे, आणि फारसीचा हा धातू संस्कृत ‘पच्’चा सख्खा भाऊबंद आहे, म्हणजे पक्व, पक्का, पीक आणि पोक्त हे चौघेही मुळात एकाच चुलीपाशी बसलेले आहेत. ‘कच्चा’ मात्र या कुळातला नाही. त्याचे रूप संस्कृत ग्रंथांत आढळत नसल्याने टर्नर यांनी भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात ‘कच्च’ हे मूळ तारांकित करून, म्हणजे लिखित पुराव्याविना केवळ अनुमानाने, मांडले आहे.

संस्कृतात या अर्थाचा खरा जुना शब्द ‘आम’ हा होय. गाय ‘आम’, म्हणजे न शिजलेली, असूनही तिच्या आचळातून ‘पक्व’, म्हणजे जणू तापवलेले, दूध येते, याचे ऋग्वेदातील ऋषींना फार नवल वाटे आणि ती किमया ते इंद्राच्या नावावर जमा करीत. आयुर्वेदाने हाच शब्द जठराग्नी मंद झाल्यामुळे न पचलेल्या अन्नरसासाठी योजला, आणि आमांश, आमवात या रोगनामांतून व ‘आव पडणे’ या बोलीतील प्रयोगातून तो आजही घरोघरी वावरतो. न तापवलेल्या दुधाला मात्र मराठीने ‘निरसे दूध’ असा स्वतंत्र शब्द ठेवला आहे. अलीकडे त्याची जागा ‘कच्चे दूध’ घेऊ लागले असले, तरी निरसे हा शब्द राखण्याजोगा आहे.

वनस्पतींच्या बाबतीत तर मराठीला विशेषणाची फारशी गरजच पडत नाही, कारण वाढीच्या बहुतेक पायऱ्यांना तिच्याकडे नामे आहेत. बाठ न धरलेली बाळकैरी, मग कैरी, झाडावरच रंग बदलू लागलेला पाडाचा आंबा आणि आढीत पिकलेला आंबा हे व्यवहारात वेगवेगळे जिन्नस ठरतात, त्यांचे भाव वेगळे आणि उपयोगही वेगळे. कोकणात फणसाच्या कोवळ्या फळाला कुयरी म्हणतात; नारळाचे आधी शहाळे असते, पुढे खोबरे धरू लागले की तो अडसर होतो. ज्वारीचा दाणा प्रथम चिकात असतो आणि नंतर हुरड्यात येतो. हुरडा ही ज्वारीची अपूर्ण अवस्था आहे असे कोणी शेतकऱ्याला सांगितले, तर ते त्याला पटणार नाही, कारण हुरडा हा हुरडा म्हणून पूर्णच असतो. ‘कोमल’पासून आलेला ‘कोवळा’ हा शब्दही याच दृष्टीने पाहावा लागतो: कोवळी भेंडी आणि कोवळे ऊन यांत उणीव सुचवलेली नसून पसंती सुचवलेली आहे.

माणसाकडे वळताच शब्दाचा स्वर बदलतो. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळाव्यात थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, या परंपरेने सांगितलेल्या कथेत कच्चेपणा हा ठपका असला तरी तो कायमचा नाही, कारण कुंभाराच्या दृष्टीने कच्चे मडके आव्यात जायचे राहिलेले असते, आणि नामदेव त्यानंतर विसोबा खेचरांकडे गेले असेच ती कथा सांगते. खेळातला ‘कच्चा लिंबू’ याहून प्रेमळ आहे: तो खेळतो, पण बाद होत नाही. शिकाऊ परवान्याला लोक ‘कच्चे लायसन’ म्हणतात आणि खटला अजून निकालात न निघालेल्या बंद्याला ‘कच्चा कैदी’. या दोन्ही ठिकाणी निर्णय पुढे आहे, एवढेच त्या शब्दाने सुचते. याउलट 18 वर्षांखालील व्यक्तीसाठी कायद्याच्या मराठीने स्वीकारलेला ‘अज्ञान’ हा शब्द कठोर आहे, कारण वयाची उणीव तो बुद्धीची उणीव म्हणून नोंदवतो.

लिखित मराठीत आज या सर्व शब्दांवर ‘अविकसित’चे आक्रमण झाले आहे. ‘विकस्’ म्हणजे उमलणे, तेव्हा अविकसित म्हणजे मुळात न उमललेली कळी. परंतु प्रदेश, बुद्धी, अवयव, अर्भक अशा कशालाही तो आता लावला जातो. त्यामुळे एक मोठा भेद पुसला जातो. बोलभाषेत ‘खुरटा’ म्हणजे ज्याची वाढ अन्नपाण्यावाचून अडली तो, आणि ‘पोचट’ म्हणजे ज्या दाण्यात गर भरलाच नाही तो. कच्च्याची वाट चालू असते, खुरट्याची अडलेली असते. 37 आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला घरातील वडीलधाऱ्या बाया ‘अपुऱ्या दिवसांचे’ म्हणतात, आणि हे वर्णन नेमके आहे, कारण फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्या मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ अशा बाळात पुरेसा तयार व्हायला दिवसच कमी पडलेले असतात. त्या बाळाची फुप्फुसे ‘कच्ची’ आहेत असे सांगितले, तर ती तयार व्हायची आहेत हे आईला त्याच शब्दातून कळते. ‘अविकसित’ म्हटल्यास ती खुरटली आहेत की काय, हे तिला पुन्हा विचारावे लागते.