नियमापलीकडची शर्यत

करिंथजवळ इस्थमियाचे क्रीडामहोत्सव भरत. म्हणूनच संत पौलाने करिंथकरांना लिहिताना खेळाडूच्या संयमाचा दाखला दिला. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांनी तो दाखला आचरणात आणला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी ठरली, तेव्हा प्रभुवाराचे पावित्र्य राखण्यासाठी त्यांनी ती शर्यतच सोडली आणि पुढे चारशे मीटरचे सुवर्णपदक ४७.६ सेकंदांत जिंकले.

गौरवकथा बहुधा येथेच संपते. वस्तुतः खरी कसोटी पुढेच होती. १९२५ मध्ये लिडेल धर्मसेवेसाठी चीनला गेले. महायुद्धात जपान्यांनी त्यांना वेइशिएनच्या छावणीत स्थानबद्ध केले. तेथे रविवारी पंचाविना खेळणारी मुले आपसांत भांडू लागली, तेव्हा लिडेल स्वतः पंच म्हणून उभे राहिले. सुवर्णपदकासाठी जो नियम त्यांनी मोडला नाही, तो मुलांसाठी शिथिल केला! १९४५ मध्ये त्याच छावणीत त्यांचा अंत झाला.

सरावाने देह कसला जातो, नियमाने मन. परंतु कसलेले मन इतरांच्या उपयोगी पडले, तरच श्रद्धा वाढली असे म्हणता येईल. ख्रिस्ती साधकाने लिडेल यांच्या पदकाइतकेच त्यांचे हे पंचपणही स्मरणात ठेवावे.