प्रेरणा रस्त्यावरच भेटते

‘आपल्या हुबळीत काय आहे? काही करायचं तर पुण्याला नाहीतर बंगळुरूला जायला हवं,’ असं आमच्या घरातली तरुण मंडळी म्हणतात. शिक्षणासाठी, नोकरीसाठी जरूर जा. पण प्रेरणा मात्र तिकीट काढून मिळत नाही, असं मला वाटतं.

आपल्या भागातलीच उदाहरणं पाहा. धारवाडात 1913 साली जन्मलेल्या गंगूबाई हनगल लहानपणी रस्त्यावर ग्रामोफोन वाजू लागला की ऐकायला धावत आणि तसंच गाऊन पाहत. पुढे हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन त्या सवाई गंधर्वांकडे शिकल्या. गदगच्या भीमसेन जोशींना अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी ऐकून गाण्याचा ध्यास लागला आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, त्यांनी गुरूच्या शोधात घर सोडलं. दोघांचीही सुरुवात कानावर सहज पडलेल्या सुरांपासून झाली.

माझा अनुभव अगदीच छोटा आहे. लग्नानंतर माझं गाणं सुटलं. पेटी पंधरा वर्षं माळ्यावर होती. ऑफिस सुटल्यावर मी लॅमिंग्टन रोडवरून चालत घरी येते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर (1903 ते 1907) लॉर्ड लॅमिंग्टन यांचं हे नाव. मुंबईतही याच नावाचा रस्ता आहे. रिक्षांचे हॉर्न, गिरमिट-मिरचीभज्यांचा वास आणि घरी जायची घाई, असा तो रस्ता. एका संध्याकाळी तिथल्या दुकानात एक म्हातारे अजोबा दिवसाचा हिशेब लिहिता लिहिता कन्नड वचन गुणगुणत होते. आवाज थकलेला, सूर थोडा हललेला. पण कुणी ऐकतंय का, याची त्यांना फिकीर नव्हती. मी मात्र वेळ मिळेल, आवाज सुधारेल, मग गाऊ, असं म्हणत थांबले होते.

त्या रविवारी पेटी खाली काढली. दोन सूर बोलतच नव्हते, त्या दुरुस्त करून घेतल्या. आता रात्री भांडी आवरल्यावर वीस मिनिटं बसते. मैफल वगैरे काही नाही. लेक शेजारी अभ्यास करते आणि मधेच विचारते, ‘आई, हा कुठला राग?’

मुलांनो, रोजच्या रस्त्यावरून जाताना कधीतरी कानातले इअरफोन काढून ठेवा. काय ऐकू आलं, ते आम्हालाही जरूर कळवा.