चित्रकलेचा तास मोडू नका

गुरुजी, परीक्षा जवळ आली की आपल्या शाळेत पहिला तास कोणता मोडतो? चित्रकलेचा! गणिताचे सर मागतात, चित्रकलेचे सर देऊन टाकतात. वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण तोटा मुलांचा होतो. तो कसा, ते आपल्या वऱ्हाडातल्याच उदाहरणाने पाहू.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या मुलाला ‘भूजलातील क्षार’ हे शब्द पाठ करायला लावून काय होणार? खारट पाणी त्याच्या जिभेला ठाऊकच आहे, बरं का!

त्यापेक्षा एका शनिवारी तीन शिक्षकांनी अर्धा तास एकत्र बसावे. विज्ञानाच्या बाईंनी विहिरीचे आणि पावसाचे पाणी दोन बशांत उन्हात ठेवावे. पाणी आटले की विहिरीच्या बशीत पांढरा थर उरतो. चित्रकलेच्या सरांनी मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. खाऱ्या विहिरी एका रंगाने, गोड्या दुसऱ्या रंगाने. मराठीच्या गुरुजींनी घरच्या आजीकडून पाण्यावरच्या ओव्या उतरवून आणायला सांगाव्यात आणि त्या वर्गात म्हणवून घ्याव्यात. मग गोड्या पाण्यासाठी पहाटे हंडा घेऊन जाणारी, एरवी वर्गात मान वर न करणारी मुलगी त्या दिवशी साऱ्या वर्गाला शिकवील.

एक पथ्य मात्र पाळा. नकाशा केवळ भिंतीच्या शोभेसाठी नको. ‘नाल्याकाठची ही एकच विहीर गोड का?’ असा प्रश्न त्यातून उठला, की मुले पुन्हा विज्ञानाच्या बाईंकडे धावतील. कला आणि विषय यांची खरी गाठ तिथेच पडते.

हा विचार आपल्याला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली. आपल्याच मुलखातले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कलेची इतर विषयांशी सांगड घालण्यास सांगितले आहे.

‘पण पोर्शन कधी संपवायचा?’ असे तुम्ही म्हणाल. अहो, हाच तर पोर्शन! तीन तासांत तुकड्यातुकड्यांनी सांगायचे तेच इथे एका धाग्यात येते. सुरुवात महिन्याला एका धड्याने करा. येत्या शनिवारचा चहा मात्र तिघांनी एकत्र घ्यायचा, एवढे ठरवा.